चंपक दरबार, खोली नंबर अकरा

राणीच्या न्हाणीघरात आता जुनी दप्तरं असतात.
खरं सांगतो, टबातच.
पांढऱ्या चिनीमातीचा, सिंहाच्या पायांचा टब,
त्यात संवत दोन हजार सातनंतरच्या वह्या
गुडघे पोटाशी घेऊन पडल्यात.
नळ उघडू नका, मी नव्या पोरांना सांगतो.
पाणी येत नाही,
पण आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखं होतं.

मी चिनीकाजी ताम्राकार, खरदार,
मालपोत कचेरी, काठमांडू.
या छपराची तांब्याची पन्हळं
आमच्या पणजोबांनी ठोकली, असं घरात म्हणतात.
गळतात अजून. माझ्याच टेबलावर.

महाराजांनी इमला उठवला तेव्हा
चुन्यात उडदाचं पीठ कालवलं होतं,
गूळ, विटांचा भुगा.
एका हिवाळ्यात साऱ्या खोऱ्याची डाळ भिंतींनी खाल्ली.
म्हणूनच भूकंपात समोरची बँक बसली
आणि आम्ही उभे.
नुसती एक चीर, छतापासून जिन्सी कपाटापर्यंत.
चिरेत मुंग्यांची रांग.
त्यांना अजून उडीद लागत असावा.

पुढे हार्डबोर्ड आला, एका दालनाच्या चार शाखा झाल्या.
छतावरच्या परीचे पंख कर शाखेत,
पाय नक्कल शाखेत.
तिच्या बेंबीतून ट्यूबलाइटची वायर जाते.

आणि हा आरसा.
बेल्जियमहून कलकत्त्याला जहाजानं,
अमलेखगंजपर्यंत आगगाडीनं, भीमफेदीपर्यंत लॉरीनं.
पुढे रस्ता नव्हता. माणसं होती.
मोटारीसुद्धा अशाच आल्या या शहरात,
चाकं हवेत, बांबू खांद्यावर.

मंसिरच्या थंडीत म्हेंदोमाया तामांग आली.
डोंगरउताराचा एक तुकडा, त्याची लालपुर्जा हवी.
बापाचं नाव एका वहीत एक, दुसऱ्या वहीत दुसरं.
पाचवी खेप.
आरशाखाली फरशीवर बसून भाजका मका खात होती.
वर न बघताच म्हणाली,
"आमच्या आजोबांनी काहीतरी वाहिलं होतं या घरासाठी.
बेचाळीस जण होते. आठ दिवस.
पेंढा, घोंगड्या, वर लाकडी खोकं.
आत काय ते कुणी सांगितलं नाही.
कुणी म्हणे राणी झोपलीय,
कुणी म्हणे थंड मुलखातलं पाणी आहे, थिजवलेलं.
चिसापानीच्या चढावर एकाचा पाय सुटला.
आधी खोकं सावरलं.
मग खाली वाकून बघितलं."

मी विचारलं, मजुरी?
ती हसली. "वेठ होती, बाबू."
आणि मुठीतला मका माझ्यापुढे धरला.

वाटलं, तिला उठवून आरशापुढे उभं करावं,
सिनेमात करतात तसं.
पण आरशावर नागरिकांची सनद डकवलीय,
त्यावर लसीकरण,
त्यावर दलालांपासून सावध राहा.
मोकळा उरलाय हातभर तुकडा, कमरेच्या उंचीवर.
ती उठली तेव्हा त्यात तिची पिशवी दिसली,
पिशवीवर धरलेला हात दिसला,
एवढंच.

हाकिम रजेवर होते. सही त्यांची लागते.
मी म्हटलं, उद्या या.
माझंच तोंड ते, एकोणतीस वर्षं वळण पडलेलं.
या इमारतीतली सगळ्यात जुनी वस्तू
म्हणजे 'उद्या'.
महाराजांच्याही आधीपासून ती इथे असावी.

असारमध्ये जिन्सीची मोजदाद झाली.
टब एक, नळासह, नादुरुस्त.
परी लिहिली नाही,
कुठल्या शाखेच्या नावावर घालायची ते ठरेना.
आरसा मोठा, नग एक, स्थिती चालू.
किमतीच्या रकान्यावर पेन टेकवून
मी बराच वेळ बसलो.
शाईचा ठिपका पसरत गेला.
मग लिहिलं, बेचाळीस.

वरून विचारणा आलीय,
बेचाळीस काय? रुपये की हजार?

ते पत्र सध्या टबात आहे.